धरणातलं पाणी मोजतो, नदीतले मासे कोण मोजणार?

विशेष लेख | रिठद, ता. रिसोड

पावसाळा लागला की आपल्या मोबाईलवर रोज आकडे येऊन पडतात. पेनटाकळीत किती टक्के पाणी, इसापुरात किती टक्के, अडोळ प्रकल्पात किती. मंडळात किती मिलिमीटर पाऊस झाला तेही कळतं. सोयाबीनचा भाव तर दिवसातून दोनदा कळतो. पण ज्या पाण्याची टक्केवारी आपण इतक्या आवडीनं पाहतो, त्याच पाण्यात राहणाऱ्या माशांचा आकडा कधी कुणाच्या ग्रुपवर आलाय का?

नाही आला. कारण तो आकडा जाहीरच होत नाही.

पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही विचारा. पैनगंगेत आणि तिला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांत मरळ, वाम, शिंगी, गावरान मांगूर, झिंगे किती मिळायचे, हे तो हातानं माप दाखवून सांगेल. आता बाजारात पाटीत काय दिसतं? रोहू, कटला, मृगल आणि चिलापी. पहिले तीन बहुतेक तलावात बीज सोडून वाढवलेले. चिलापी तर आपल्या देशातलीच नाही. नदीतला मासा कमी झाला हे सगळेच म्हणतात. पण किती कमी झाला, कोणत्या सालापासून झाला आणि कशामुळं झाला, असं विचारलं की सगळे गप्प. आपल्याकडं आठवण आहे, हिशेब नाही. आणि सरकारदरबारी आठवण चालत नाही, हिशेब चालतो.

परदेशात एक-एक मासा मोजतात

उत्तर अमेरिका आणि युरोपच्या नद्यांत सॅल्मन नावाचा मासा असतो. तो नदीच्या वरच्या भागात गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला परत आपल्या जन्माच्या नदीत येतो. प्रवाहाच्या उलटा, शेकडो किलोमीटर चढून. आपल्याकडं पहिल्या पुराला नाल्यात मासे चढतात ना, त्यातलाच प्रकार, फक्त लय मोठा.

हा मासा तिकडं लाखो लोकांचं पोट आहे, म्हणून त्याची मोजणी होते. अमेरिकेत कोलंबिया नावाच्या मोठ्या नदीवर बोनव्हिल धरण १९३८ साली सुरू झालं. धरणाच्या बाजूनं माशांना चढायला पाण्याच्या पायऱ्या केल्या आणि पायऱ्यांच्या वाटेवर काचेची खिडकी ठेवली. खिडकीपाशी माणूस बसतो आणि समोरून जाणारा मासा जातीनुसार मोजतो. हे १९३८ पासून चालू आहे. आपल्याकडं धरणाची टक्केवारी जशी जाहीर होते, तसा तिथं माशांचा रोजचा आकडा जाहीर होतो. त्या नदीत धरणं होण्याआधी वर्षाला एक कोटी ते एक कोटी साठ लाख सॅल्मन चढत असावेत, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे. आता त्याचा लहानसा हिस्सा उरला. हे ठामपणे सांगता येतं, कारण वही आहे.

कॅनडातल्या फ्रेझर नदीचं उदाहरण तर आपण नीट समजून घ्यायला पाहिजे. २००९ साली तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी अंदाज दिला होता, की यंदा सॉकाय जातीचे एक कोटीहून जास्त सॅल्मन येतील. प्रत्यक्षात आले पंधरा लाखांच्या आसपास. देशभर बोंब झाली. सरकारला न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. २०१२ साली आयोगानं अहवाल दिला, त्यात ७५ शिफारशी होत्या. गंमत म्हणजे २०१० सालीच त्या नदीत पावणेतीन-तीन कोटी मासे आले! म्हणजे एका वर्षाच्या आकड्यावरून रडायचंही नाही आणि नाचायचंही नाही. सालोसालची ओळ पाहिजे, तेव्हा नदीचा कल कळतो.

पण मुद्दा दुसराच आहे. तिथं दहातले साडेआठ मासे आले नाहीत, हे त्याच वर्षी कळलं. म्हणून प्रश्न विचारता आला, आयोग नेमता आला. आपल्या पैनगंगेत दहातले साडेआठ मासे गेले तरी कोणत्या कार्यालयात फाईल उघडेल? उघडणार नाही. कारण आधी किती होते तेच कुठं लिहिलेलं नाही.

अटलांटिक महासागरातल्या सॅल्मनची संख्या २००६ ते २०२० या काळात जगभरात २३ टक्क्यांनी घटली, असं सांगून आययूसीएन या संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्ये त्याला धोक्याच्या जवळ आलेल्या प्राण्यांत टाकलं. फक्त २३ टक्के घट, तरी जगाला कळली. जगभरातल्या स्थलांतर करणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांचा २०२४ सालचा अहवाल सांगतो, की १९७० ते २०२० या पन्नास वर्षांत ज्या माशांची मोजणी झाली, त्यांच्या संख्येत सरासरी ८१ टक्के घट दिसली. ज्यांची मोजणीच होत नाही, ते या हिशेबात येतच नाहीत.

आपल्या नदीची अडचण काय?

पैनगंगा बुलडाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. मेहकरकडून येऊन रिसोड आणि वाशिम तालुक्यांच्या दक्षिणेनं, हिंगोलीच्या हद्दीनं वाहते. पुढं इसापूर, सहस्रकुंड करत चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीला मिळते आणि तिचं पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातं. रिसोड तालुक्यातल्या बहुतेक ओढ्या-नाल्यांचं पाणी तिच्याकडंच जातं. म्हणून नदीकाठ आपल्यापासून लांब असला तरी नदी लांब नाही.

आता मासा होऊन विचार करा. वर पेनटाकळी धरण, खाली इसापूर धरण. इसापूरच्या खालचा मासा भिंत ओलांडून वर येऊ शकत नाही. मधल्या पट्ट्यात कोकलगाव, उकळी, जुमडा, राजगाव असे बॅरेज झाले. बॅरेजमुळं काठच्या वावरात हरभरा-गहू उभा राहिला, हे खरंच आहे आणि ते कोणी नाकारू नये. शेतकऱ्याला पाणी पाहिजेच. पण इतकी बांधकामं झाली, त्यात माशाच्या वाटेचा विचार किती झाला, हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

आपल्या बहुतेक गावरान माशांची वीण पावसाळ्यात होते. पहिला पूर आला की गढूळ पाण्याच्या धारेला लागून मासे वर चढतात आणि उथळ नाल्यात, पाणी साचलेल्या कुरणात, नदीकाठच्या गवतात अंडी सोडतात. वाट अडली की अंडी घालायची जागा गेली. उन्हाळ्यात हेच मासे खोल डोहात जीव धरून राहतात. डोहावर मोटारी लागल्या, वाळू उपसली, डोह आटला, की पुढच्या पावसाळ्यात चढायला मासाच उरत नाही.

बाकीची कारणं आपल्याला माहीतच आहेत. फवारणीचे पंप आणि औषधाचे रिकामे डबे नाल्यावर धुणं ही गावोगावची रीत आहे. सोयाबीन आणि कपाशीवर वापरली जाणारी काही कीटकनाशकं माशाला आणि झिंग्याला थेंबाथेंबानं मारतात. बॅटरीचा शॉक देऊन, विष टाकून किंवा गोटे फोडून मासे मारणारेही आहेत. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला इंग्रजांच्या काळात, १८९७ साली कायद्यानं बंदी झाली. महाराष्ट्राचा स्वतःचा मासेमारी कायदाही १९६० चा आहे. शॉक दिला की मोठा मासा हाती येतो, पण पिल्लं आणि माशांचं खाद्य असलेले बारीक जीवही मरतात.

त्यात परक्या माशांची भर. चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली. ती वर्षातून अनेकदा विते आणि अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून कुठल्याही पाण्यात फोफावते. थाई मांगूर तर हाती लागेल ते खातो. त्याच्या पालनावर देशात २०००पासून बंदी आहे. हरित लवादानंही त्यावर कडक आदेश दिले. तरी तो कुठंकुठं विकला जातोच, आणि तळं फुटलं की थेट नाल्यात येतो.

आता गंमत बघा. शेतकरी म्हणतो, भोई बारीक जाळं लावतात म्हणून मासा गेला. भोई म्हणतो, शेतकऱ्याच्या औषधानं गेला. दोघं मिळून म्हणतात, बॅरेजनं गेला. पाटबंधारेवाले म्हणतात, पाऊसच बदलला. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं खरं असेल. पण कोणाचं किती खरं, हे ठरवायला आकडा पाहिजे. मोजणी नसेल तर भांडण राहतं, उपाय होत नाही.

सरकार काय मोजतं?

सरकार मत्स्यबीज मोजतं. कोणत्या तलावात किती बीज सोडलं, कोणत्या संस्थेला तलाव ठेक्यानं दिला, त्याचे किती पैसे आले, याचे कागद असतात. नदीतला गावरान मासा कोणी सोडलेला नाही, म्हणून तो कोणाच्या कागदावर नाही. विदर्भातल्या कॉलेजांतले प्राध्यापक अधूनमधून एखाद्या तलावाच्या किंवा नदीच्या माशांची यादी छापतात. ते काम चांगलंच आहे. पण यादीतून कोणते मासे आहेत ते कळतं. दहा वर्षांत किती घटले ते कळायला त्याच जागी पुन्हापुन्हा मोजावं लागतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं पापलेटला राज्य मासा जाहीर केलं. चांगली गोष्ट. पण तो समुद्रातला. नदीतल्या मरळीला, वामीला विचारतो कोण?

२०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आहे. त्यात नदीत गावरान माशांचं बीज सोडण्याचाही भाग आहे. उद्या आपल्या नदीत बीज सोडायला गाडी आली तर स्वागतच. पण गाडी येण्याआधी नदीत काय आहे ते मोजलं का, हे नक्की विचारा. हे का म्हणतो, त्यासाठी महाराष्ट्रातलीच एक गोष्ट सांगतो.

लोणावळ्याचा मासा आणि कावेरीचा धडा

महासीर हा भारतातल्या नद्यांचा मोठा, ताकदीचा मासा. दख्खनच्या महासीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून हे नाव दिलं. साइक्सनं त्या काळी दख्खनच्या माशांची नोंद करून ठेवली. पुढंही याद्या होत गेल्या. त्यामुळंच पुण्याच्या अभ्यासकांना २००३ साली पुणे भागातल्या नद्यांची जुन्या नोंदींशी तुलना करता आली, आणि पूर्वी मिळणाऱ्या काही जाती आता मिळत नाहीत, काही परक्या जाती शिरल्यात, हे सांगता आलं. दीडशे वर्षांपूर्वीची वही अशी कामाला येते.

हा महासीर कमी होतोय म्हणून टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याला, वळवण धरणाजवळ, १९७०च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. लाखो पिल्लं तयार झाली आणि देशभर वाटली गेली. काही कर्नाटकात कावेरी नदीत सोडली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा वेगळा महासीर होता, पाठीवर उंचवटा असलेला आणि आकारानं प्रचंड. बाहेरून आलेला महासीर वाढत गेला आणि मूळचा घटत गेला. मूळच्या माशाला २०१८पर्यंत नक्की शास्त्रीय ओळखसुद्धा मिळाली नव्हती. ती मिळाली तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर आला होता.

हे कळलं कसं? कावेरीकाठच्या छावण्यांवर गळानं मासे धरून परत सोडणारे हौशी लोक यायचे. कोणता मासा मिळाला, किती वजनाचा, गळ टाकून किती वेळ बसलो, हे सगळं छावणीच्या वहीत लिहिलं जायचं. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या शास्त्रज्ञांनी तपासल्या आणि २०१५ साली निबंध छापला. महागडं यंत्र लागलं नाही. साध्या वहीनं एका माशाचं मरण जगाला दाखवलं.

आपल्या गावात वही आहे, ती उघडा

आता कामाचं बोलू. ही वही आपल्याला नव्यानं आणायची गरज नाही. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती पाहिजे आणि तिच्याकडं लोक जैवविविधता नोंदवही पाहिजे. गावातली झाडं, पिकांचे गावरान वाण, पाणवठे, पशुपक्षी, मासे आणि त्यांचं ज्ञान असलेली माणसं, हे सगळं गावकऱ्यांना विचारून त्यात लिहायचं असतं.

२०१९ साली हरित लवादानं सगळ्या राज्यांना बजावलं, की ३१ जानेवारी २०२० पर्यंत या नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर महिन्याला दहा लाख रुपये भरा. मग देशभर धावपळ झाली. अशा घाईत नोंदवही भरली की गावाचं नाव बदलून तीच माहिती पुढच्या गावाला चिकटवण्याचा धोका असतो. तुमच्या गावाची वही कशी भरली, ते तुम्हीच बघा. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एवढंच म्हणा, 'भाऊ, नोंदवही दाखवा आणि त्यातलं माशांचं पान वाचा.' त्यात समुद्रातला मासा निघाला तर समजून जा.

मोजणी करायची कशी? शास्त्रज्ञांची पद्धत आपल्या भाषेत सांगतो.

१. जागा ठरवा. एक डोह, एक नाल्याचा तोंडाचा भाग, एक बॅरेजच्या खालची जागा. दरवेळी त्याच जागी जायचं.

२. जाळं आणि वेळ ठरवा. तेच जाळं, त्याच फासाचं, तितकाच वेळ. समजा दोन तास. हे सगळ्यात महत्त्वाचं. एका वर्षी दोन तासांत ४० मासे मिळाले आणि पुढच्या वर्षी सहा तासांत ६०, तर मासे वाढले असं दिसेल. पण तासाला २० वरून १० वर आले, म्हणजे निम्मे झाले.

३. दिवस ठरवा. महिन्यातून एकदा, अमावस्या लक्षात राहायला सोपी. पुराच्या धोक्याच्या दिवशी मात्र पाण्यात उतरायचं नाही.

४. जातीनुसार संख्या लिहा. सगळ्यात मोठ्या माशाची लांबी टेपनं मोजा. दरवर्षी मोठा मासा लहान-लहान होत गेला, तर तेही नदी आजारी असल्याचं लक्षण आहे.

५. माशाच्या बाजूला पट्टी ठेवून मोबाईलवर फोटो काढा. गावचं नाव लिहा. एकाच माशाला दोन गावांत दोन नावं असतात, म्हणून फोटो पाहिजेच. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकला तर जाणकार ओळखायला मदत करतात.

६. पहिला पूर कधी आला, अंड्यावरचे मासे कधी दिसले, डोह कधी आटला, मेलेले मासे कधी तरंगले, हे तारखेसह लिहा.

हे काम भोई समाजाशिवाय होणार नाही. मासा ओळखण्याचं ज्ञान त्यांच्याकडं आहे. शाळेतली पोरं लिहायला बसू शकतात. पण भोई बांधवांच्या मनात एक भीती असणार, की मासे कमी झाल्याचं कागदावर आलं तर सरकार आमचीच जाळी बंद करेल. भीती खोटी नाही. म्हणून वही त्यांच्या संमतीनं भरावी, त्यांचं नाव त्यात असावं आणि एक प्रत त्यांच्या संस्थेकडं राहावी. वही नसली तर ठपका त्यांच्यावरच बसतो, हेही तितकंच खरं. डोह आटल्यावर किंवा विषानं मासे मेल्यावर नुकसान कोणाचं झालं आणि किती, हे सिद्ध करायला त्यांच्याच हातात कागद लागेल.

हे होऊ शकतं, याचं उदाहरण विदर्भातच आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाचे लोक, मनीष राजनकर आणि शालू कोल्हे यांच्यासारखे कार्यकर्ते यांनी मालगुजारी तलावांत गावरान मासे आणि पाणवनस्पती परत आणण्याचं काम केलं. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे त्यांनी समाजातल्या जाणत्यांकडून समजून घेतलं. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात वाळण कोंडीला तर काळ नदीच्या डोहात महासीर देवाचे म्हणून राखले आहेत. तिथं जाळं टाकत नाहीत.

उद्या उशीर होईल

आपला जिल्हा पाण्याच्या वाटणीवर बसलाय. काटेपूर्णेचं पाणी पूर्णा-तापीतून अरबी समुद्राला जातं, पैनगंगेचं गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. दोन खोऱ्यांतले मासे हजारो वर्षं वेगळे राहिले. आता वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्यानं मंजुरी दिली आहे. गोसीखुर्दपासून बुलडाणा जिल्ह्यापर्यंत सुमारे ४२६ किलोमीटरचा कालवा. विदर्भाला पाणी पाहिजे, त्याला विरोध करायचं कारण नाही. पण एका खोऱ्याचं पाणी दुसऱ्यात गेलं की त्यासोबत मासेही जातील, रोगही जातील. त्याआधी आपल्या नद्यांत काय होतं हे लिहून ठेवलं नाही, तर पुढं कावेरीसारखं म्हणायची वेळ येईल, की काय गेलं ते कळायच्या आत गेलं.

पीक विमा मागायला सातबारा लागतो, पेऱ्याची नोंद लागते. नदीचा सातबारा म्हणजे ही नोंदवही. यंदाचा पाऊस सुरू झाला की पहिल्या पुराची तारीख लिहून सुरुवात करा. पाच वर्षं धरून ठेवा. मग बॅरेजचा, औषधाचा, जाळ्याचा, कशाचाही प्रश्न घेऊन रिसोडला जा की वाशिमला जा, तुमच्या हातात आकडा असेल.

तुमच्या गावच्या नोंदवहीत माशांचं पान कसं निघालं, ते फोटोसह आम्हाला नक्की कळवा. वाचकांपुढं ठेवू.